रेडिओची पाणीपाळी

अंथुर्ण्याच्या चावडीत सरकारी रेडिओ येऊन चार महिने झाले होते, आणि चार महिन्यांत तो एकदाही माणसासारखा बोलला नव्हता. सकाळी त्यातून बाजरी पाखडल्याचा आवाज येई, दुपारी तव्यावर मिरच्या तडतडल्याचा, आणि दिवस कलला की कुणीतरी लांबच्या विहिरीत उतरून कुणाला तरी हाका मारतंय असा. रामहरी गुरुजींकडे शाळाही होती आणि रेडिओच्या पेटीची किल्लीही. ते रोज साडेसहाला पेटीला कान लावून बसत आणि मागं वळून सांगत, "पुणं आहे. पुणंच आहे." लोक माना डोलवत. बॅटरी भरून आणायला कुणीतरी महिन्यातून एकदा बारामतीला जाई, ती डोक्यावर घेऊन गावात शिरे, तेव्हा बायका दारातून हात जोडत. पावणा बोबडा असला म्हणून त्याचा मान कमी होत नाही.

पहिली तक्रार केली ती कुंडलिकानं. छप्पन सालच्या चैतातला सोमवार होता.

"गुरुजी, गुरुवारपतुर ह्यो नीट बोलाया पायजे."

"आज चार महिने कुणी काही म्हणालं नाही. गुरुवारचंच काय एवढं?"

कुंडलिकानं डोक्याचं मुंडासं काढलं, पुन्हा बांधलं. "गुरुवारी त्यात माझी बायकू हाय."

गोष्ट खरी होती. तसं पोस्टकार्डच आलं होतं पुण्याहून. माघात रेडिओची माणसं इंदापूरला उतरली होती, आवाज रिळावर गुंडाळून घ्यायचं यंत्र बरोबर घेऊन. गावोगावच्या बायकांना त्यांनी जात्यावरच्या ओव्या म्हणायला बोलावलं. अंथुर्ण्याहून चौघी निघाल्या. त्यात कुंडलिकाची द्वारकाबाई. पण ऐन निघायच्या वेळी चौघी अडून बसल्या. जात्याबिगर ओवी येत न्हाय, म्हणाल्या. मग द्वारकाबाईचं जातं, वरची तळी, खालची तळी, गोणपाटात बांधून गाडीत चढवलं आणि कुंडलिकानं बैल जुंपले.

इंदापूरच्या शाळेत दुसरीच पंचाईत. यंत्र चालवणारा साहेब पुरुष. आणि बाई जात्यावर बसली की पुरुषानं तिथं थांबायचं नाही, ही या भागातली रीत. ती कुणी केली हे कुणाला ठाऊक नाही, पण मोडली कुणीच नव्हती. साहेबानं हात जोडले, "बाई, मी गेलो तर यंत्र कोण चालवणार?" शेवटी खोलीत आडवं घोंगडं टांगलं. साहेब घोंगड्याच्या पल्याड, त्याचा एक हात तेवढा अल्याड, बटणावर. त्या हाताला चौघींतल्या छबूबाईनं आधी विचारून घेतलं, "तुमाला ऐकू तर येत न्हाय न्हवं?" हात हलला. नाही म्हणाला. मग ओवी सुरू झाली.

कुंडलिक बाहेर लिंबाखाली बैलांपाशी. कान सगळे खोलीकडं, पण बैलांच्या गळ्यात घुंगरं. ती घुंगरं त्यानं हौसेनं बारामतीहून आणली होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला वाटलं की बैल मुका असावा आणि उघडाही असावा.

येताना गाडीत चौघी हसत होत्या. नुसत्या नाही, पदर तोंडात कोंबून.

"भावजी," छबूबाई म्हणाली, "आता पार पुण्यापतुर तुमचं नाव निघंल."

"माझं? वव्हीत मी हाय?"

"हाय की. पयल्यापासनं हाय."

"मी काय केलं?"

चौघी आणखीच हसल्या. द्वारकाबाई गाडीच्या मागच्या अंगाला तोंड करून बसली होती. तिचे खांदे तेवढे हलत होते.

त्या दिवसापासून कुंडलिकाला घास गोड लागेना. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. लेक रतन भिगवणला नांदत होती. अठ्ठावीस वर्षांत त्यानं बायकोची ओवी ऐकली नव्हती. पहाटे तो उंबऱ्याबाहेर पडला की जातं बोलू लागे. तो विसरलेला विळा न्यायला माघारी वळला की जातं गप्प होई. जशी झाडावरची साळुंखी. पाऊल वाजलं की नाहीच. त्यानंही कधी मनावर घेतलं नव्हतं. पण आता त्यात आपण आहोत, पहिल्यापासून आहोत, आणि साऱ्या गावच्या बायांना ते पाठ आहे, हे कळल्यावर त्याला पाणवठ्यावरून जाणं जड झालं. वांग्याला पाणी देता देता तो आपले गुन्हे आठवी. लग्नात अक्षता पडताना मोठ्यानं शिंकलो होतो. सासऱ्याच्या म्हशीला मरतुकडी म्हणलो होतो; ती तशी होती, पण म्हणायला नको होतं. रतनच्या बारशाला खेळण्याऐवजी कुदळीचा दांडा घेऊन आलो होतो.

त्यानं द्वारकाबाईला एकदा विचारलंही. "म्हंती तरी काय तू माझ्यावर?"

ती भाकरी थापत होती. "जात्यापाशीचं जात्यापाशी," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

म्हणून गुरुवार. म्हणून रेडिओ.

गुरुजींनी पेटीबरोबर आलेला छापील कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. एरियल जितकी उंच, तितका आवाज स्वच्छ. जमिनीत पुरलेल्या तारेजवळची माती ओली ठेवावी. एवढंच होतं. चार महिने एरियल चावडीच्या कौलांवर वाळत घातलेल्या धोतरासारखी आडवी पडली होती आणि जमिनीतल्या तारेवर लोक तंबाखू थुंकत होते, ती तेवढीच काय ओली.

"उंच म्हंजे किती?" कुंडलिकानं विचारलं.

"जितकी उंच तितकी."

"म्हंजे गावात सगळ्यात उंच."

"तसंच म्हणायला पाहिजे."

गावात सगळ्यात उंच वस्तू एकच होती: बिरदेवाच्या निशाणाची काठी. बावीस हात बांबूचा कळक, शेंड्याला चवरी. ती देवाची सेवा करणाऱ्या म्हाताऱ्या गेणूआबाकडे असे. गेणूआबानं मेंढरं मोडून आता जोंधळा धरला होता, पण चालताना अजून मधूनच मागं वळून पाही, एखादं कोकरू राहिलं का म्हणून. कुंडलिकानं त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

"आबा, चार दिस काठी द्या. चावडीच्या आढ्यावर हुबी करतो."

"बाईच्या आवाजासाठी मागतुयास न्हवं? ने. देवालाबी ओव्या आवडत्यात. पर कुंडलिका, काठी हुबी ऱ्हायली की ढोल वाजाया पायजे. ढोल न्हाय वाजला तर देवाला वाटतं, वस्ती मेली."

मंगळवारी काठी चावडीवर चढली. गावातली पोरं, म्हातारी, शेळ्या, सगळी माना वर करून उभी. चवरीच्या खाली एरियलची तार बांधली आणि तिचं दुसरं टोक देवळाच्या कळसाला. आढ्यावर दोघं धनगर ढोल घेऊन बसले आणि त्यांनी असा ठेका धरला की खालच्या चिमण्या उडून थेट पाटापलीकडं गेल्या. गुरुजींनी पेटी उघडली, बटण पिळलं आणि डोकं आत घातलं.

"काय म्हंतुय?" कुंडलिक ओरडला.

"पुणं!" गुरुजी ओरडले. "लई जवळ आलंय!"

"काय बोलतंय?"

"ढोल बोलतोय!"

संध्याकाळी गेणूआबानं देवाला कौल लावला. देवाच्या खांद्यांवर एकेक कळी चिकटवली आणि विचारलं, बाबा, पावणा आलाय, जरा ऐकू देशील का? उजवी कळी पडली, म्हणजे होकार. पण देवाला पुरतं गप्प ठेवणं आबाच्या जिवाला पटेना. मग असं ठरलं की आबानं स्वतः आढ्यावर बसायचं आणि एका बोटानं, अधूनमधून, ढोलाला नुसतं शिवायचं. टुप्. वस्ती जिती आहे एवढं देवाला कळावं म्हणून.

बुधवारी टुपटुपीत पुणं ऐकू आलं, पण अजून विहिरीच्या तळाशी. कुंडलिकानं कागदातलं दुसरं वाक्य आठवून जमिनीतल्या तारेपाशी घागर ओतली.

"...कांदा..." रेडिओ म्हणाला.

सगळे दचकले. कुंडलिकानं दुसरी घागर ओतली.

"...कांद्याची आवक साधारण..."

आणि मग पुन्हा खर्रर्र. चैतातली जमीन. घागरभर पाणी तिच्या जिभेलाही लागत नव्हतं. तिसऱ्या घागरीला रेडिओ "लसूण" म्हणाला आणि पुन्हा सुकला.

"बायकांचा कार्यक्रम अर्धा तास आहे," गुरुजी म्हणाले. "एवढ्या घागरी कोण आणणार? आणायच्या बायकांनी, आणि ऐकायचंही त्यांनीच."

"घागरी कशाला," कुंडलिक म्हणाला. "पाट हाय की."

पाट चावडीच्या वरच्या अंगानंच वाहत होता, नीरेच्या कालव्याचा. पण त्याचं दार उघडायचं भीमा पाटकऱ्यानं. कुणाच्या शेताला कधी पाणी, हे त्याच्या बगलेतल्या वहीत असे, आणि गेणूआबाची बिरदेवावर जेवढी श्रद्धा, तेवढीच भीमाची वहीवर.

"उद्या पाच ते आठ माझी पाळी हाय," कुंडलिक त्याला म्हणाला. "ते पाणी चावडीत सोड."

भीमानं वही उघडली. "पाणी पिकाला. चावडीत पीक कंचं?"

"रेडिओ."

"भुसार का बागायत?"

कुंडलिकानं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी आभाळाकडं.

"बारमाही," कुंडलिक म्हणाला.

"बारमाही म्हंजी ऊस. ऊस कुठाय?"

"भीमा, अरं एक दिसाचा सवाल हाय."

"माझं काय न्हाय, कुंडलिकराव. तुमी म्हनाल तर मी माझ्या घरात पाणी सोडीन. पर वहीत रकाना हाय. रकाना मोकळा ऱ्हायला तर सायब म्हनंल, पाणी गेलं कुठं? त्याला मी काय सांगू, कांद्याचा भाव ऐकाया गेलं?"

यावर गाव रात्रीचं जेवण होईपर्यंत बोललं. मग पहाटे कुंडलिक आपल्या मळ्यात गेला, फुलावर आलेली चाळीस वांगी मुळाच्या मातीसकट उपटली आणि चावडीच्या अंगणात चार वाफे पाडून लावली. मधल्या वाफ्यात जमिनीतली तार. दुपारी भीमा आला. वाफ्यांभोवती फिरला, एक पान उलटून पाहिलं, बांध पायानं दाबला.

"ह्यो मळा झाला," तो समाधानानं म्हणाला. "पर मग चावडी कुठाय?"

"ती मळ्यातली खोप," कुंडलिक म्हणाला.

भीमानं वहीत लिहिलं. वांगी.

गुरुजींनी कुंडलिकाला बाजूला घेतलं. "कुंडलिकराव, पुढची पाळी बारा दिवसांनी. तुमचा खरा मळा तोवर राहायचा नाही. चैत आहे."

"गुरुजी, वांगी पुढल्या सालीबी येत्याल," कुंडलिक म्हणाला. "माझं अठ्ठावीस सालाचं ऱ्हायलंय."

गुरुवारी पाचला पाणी आलं. पाटातून उतरलं, रस्ता ओलांडला, आणि शाळेतून सुटलेल्या लेकरासारखं धावत चावडीच्या अंगणात शिरलं. साडेपाचला घोट्यापर्यंत, सहाला पोटरीपर्यंत. पुरुष धोतरं खोचून ओळीनं बसले: कुणी दगडावर, कुणी पालथ्या काहिलीवर, कुणी बैलगाडीच्या जुवावर. बायका पलीकडच्या ओट्यावर दाटीनं. पाण्यात आभाळ उतरलं होतं, आभाळात बिरदेवाची काठी, आणि काठीच्या टोकाला बांधलेली तार संध्याकाळच्या उन्हात एवढी बारीक दिसत होती, की वाटावं आभाळाला कुणी टाका घातलाय. सगळं गाव आलं होतं. आली नव्हती ती द्वारकाबाई. माझं मलाच काय ऐकायचं, म्हणाली आणि घरी दळण निवडत बसली.

आणि रेडिओ बोलला. असा बोलला की पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यानं "रामराम" म्हटलं. खरखर नाही, विहीर नाही. पुण्यातली बाई जणू वांग्याच्या वाफ्यात उभी राहून सांगत होती. "बाई शिकलेली दिसती," कुणी म्हणालं. "आन भिजलेलीबी," दुसरा म्हणाला. वरून आबाचं बोट: टुप्.

"आता ऐकू या, इंदापूर तालुक्यातल्या भगिनींच्या जात्यावरच्या ओव्या."

कुंडलिकानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

आधी जातं आलं. घर्रर्र, दगडावर दगड, अगदी घरातल्यासारखं. मग बांगड्या वाजल्या. मग बाईनं श्वास घेतला.

आणि चावडीतले सगळे पुरुष उठले.

कुणी सांगितलं नाही, कुणी खूण केली नाही. चाळीस-पन्नास माणसं जात्याचा आवाज आला तशी खाकरली, धोतर झटकलं आणि माना खाली घालून निघाली, जशी ती रोज पहाटे आपापल्या घरातून निघत. गुरुजी किल्ली हातात घेऊन निघाले. भीमा वही डोक्यावर धरून निघाला. आढ्यावर गेणूआबाला उतरता येईना, तर त्यानं घोंगडं डोक्यावरून ओढलं आणि कानांत बोटं घातली. ढोल थांबला. पाण्यातून छपक छपक पावलं वाजत गेली. ओट्यावरच्या बायका खाली उतरून, लुगडी वर धरून, पुरुषांच्या जागांवर येऊन बसल्या. त्यांनाही यात नवल वाटलं नाही.

कुंडलिकही उठला होता. ते त्याला चावडीच्या कोपऱ्यावर आल्यावर कळलं. पाय आपले आपण चालले होते. ज्याच्यासाठी काठी आणली, वांगी उपटली, मळा वाळत टाकला, त्याच्याकडंच पाठ करून ते निघाले होते. त्यानं पायांना थांबवलं. वळायला सांगितलं. ते वळेनात. मग तो तिथंच, पोटरीभर पाण्यात, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बघत नव्हता, म्हणजे तिथं नव्हता. एवढी पळवाट त्याला पुरली.

आवाज मागून आला. त्याच्या बायकोचा, पण त्यानं कधीच न ऐकलेला. जसा आपल्याच विहिरीचा खालचा झरा.

*जातं वढता वढता, खुटा डावा-उजवा हाले,*
*रतनच्या गं बापाला, कुनी सांगाया न गेले*

बायकांतून हसू फुटलं. कुंडलिकाला वाटलं, नीट ऐकलं नाही. खुंटा?

*बगे वांग्याच्या मळ्यात, पानापानाखाली कीड,*
*त्येला कशी गं दिसंना, माझ्या हाताची ही पीड*

"तेच म्हनलं मी, भावजी!" छबूबाई तिकडून ओरडली. तिनं त्याला कोपऱ्यावर पाहिलं होतं. "तुमी काय केलंच न्हाय, त्याचीच तर ओवी हाय!"

जात्याचा खुंटा. धरून ओढायचा लाकडी खुंटा, तो हलत होता. अठ्ठावीस वर्षं. ना म्हैस, ना शिंक, ना कुदळीचा दांडा. बोटभर पाचर मारली असती तर मिटणारं काम, ते गावच्या बायांनी तोंडपाठ केलं होतं, इंदापूरला जाऊन आलं होतं, पुण्याला जाऊन आलं होतं, आणि आता देवाच्या काठीवरून, पाटाच्या पाण्यातून त्याच्या पाठीपर्यंत पोचलं होतं. जातं तर त्यानंच गाडीत चढवलं होतं. दोन्ही हातांनी. तेव्हा खुंटा हातात हलला असणारच. आठवेना.

तिसऱ्या ओवीला आवाज खाली आला.

*न्हाय राग त्येच्यावर, त्येचा जीव लई भोळा,*
*खुटा हालतो म्हनून, वव्या सुचल्या गं सोळा*

उरलेल्या तेरा ऐकायला कुंडलिक थांबला नाही. तो पाण्यातून घराकडं निघाला, आधी चालत, मग धावत.

द्वारकाबाई सुपात जोंधळा निवडत होती. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, मुंडासं नाही, असा नवरा आला, आला तो थेट जात्यापाशी बसला आणि खुंटा हलवून पाहिला. हलला. डावीकडं, उजवीकडं, सोळाही दिशांना. मग त्यानं बाभळीचा एक वाळका दांडा आणला, कुऱ्हाडीनं तासायला घेतला. ती बघत राहिली.

"हात बघू," तो म्हणाला.

तिनं हात पुढं केला नाही, पण सूप खाली ठेवलं. त्यानंच धरला. तळव्यावर अंगठ्याखाली घट्टा होता, जुना, रुपयाएवढा. हा हात त्यानं भाकरी घेताना रोज पाहिला होता.

"मला सांगायचं न्हाईस व्हय, येडे?"

"तुमाला सांगितलं असतं," द्वारकाबाई म्हणाली, "तर तुमी सुताराला सांगितलं असतं. सुतार म्हनला असता, उद्या. मग उद्याबी उद्या म्हनला असता. मग मला राग आला असता. जात्याला सांगितलं की राग येत न्हाय. दळून हुतं."

नवा खुंटा बसला. वरून पाचर मारली. तिनं मूठभर जोंधळा टाकला, खुंटा धरला आणि एक फेरा ओढला. दुसरा ओढला. हलेना. तोंड उघडलं, पहिला शब्द ओठावर आला आणि तिथंच थांबला. तिनं नव्या खुंट्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. एवढी पोरकी ती त्याला कधी दिसली नव्हती.

"आता काय म्हनू?" तिनं विचारलं.

कुंडलिकानं घाम पुसला.

"मळा वाळतुया," तो म्हणाला. "सगळं पाणी चावडीत घातलं. बारा दिस पाळी न्हाय. वांगी जळून जात्याल बग."

द्वारकाबाईचे डोळे मोठे झाले. "सगळं?"

"सगळं."

"माझी वव्ही ऐकाया?"

त्यानं मान हलवली. तिनं पदर खोचला, खुंट्यावर हात घट्ट केला आणि जातं हळूच फिरू लागलं.

"बसलाय काय?" ती म्हणाली. "जावा की भाईर."